गीतकार म्हणजे कोण? भीमगीताच्या शेवटच्या अंतऱ्यातले नाव

गाण्याचे शब्द रचतो तो गीतकार. व्याख्या एवढी सोपी आहे. तरीही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या तरुणांना विचारून पाहा, आता वाजते आहे ते गाणे कोणाचे? उत्तरात बहुतेक वेळा गायकाचे नाव येते, नाहीतर डीजेचे. शब्द कोणाचे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. आमच्या सारसोळे-नेरूळ परिसरातही चित्र वेगळे नाही. जे शब्द आपण वर्षानुवर्षे तोंडपाठ म्हणतो, ते रचणारा माणूस आपल्याला माहीत नसतो.

आंबेडकरी चळवळीत गीतकाराने केलेले काम एखाद्या नेत्याच्या किंवा लेखकाच्या कामापेक्षा कमी नाही. वाचता न येणाऱ्या आपल्या आजी-आजोबांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचला तो गाण्यातून. म्हणून गीतकार कोण असतो, त्याची परंपरा कोणती, त्याचे काम कसे चालते आणि त्याचे हक्क काय आहेत, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

कवी, गीतकार, शाहीर, गायक

हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत फरक आहे. कवीची कविता वाचली जाते, तिला चाल असलीच पाहिजे असे नाही. गीतकाराचे शब्द मात्र कुणीतरी गाणार आहे आणि कुणीतरी ऐकणार आहे, हे धरूनच लिहिलेले असतात. शाहीर स्वतः रचतो, स्वतः गातो आणि लोकांसमोर उभा राहून मुद्दा मांडतो. गायक गातो; शब्द त्याचे असतील किंवा नसतील. संगीतकार चाल बांधतो.

आपल्या चळवळीत एकच माणूस ही सगळी कामे करताना दिसतो. पण प्रत्येक वेळी तसे नसते. लिहिणारा एक, गाणारा दुसरा असेल तेव्हा लिहिणारा मागे पडतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना झाडाला लटकावून मारले जात असे. त्यावरचे 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे बिली हॉलिडे यांनी १९३९ मध्ये गायले आणि ते जगभर गाजले. त्याचे शब्द एबल मीरोपोल या न्यूयॉर्कमधल्या शाळामास्तराचे होते. हॉलिडे सर्वांना ठाऊक आहेत, मीरोपोल फार थोड्यांना.

धम्मपरंपरेतील गाथाकार

बुद्धवचनात गीतकाराला जागा आहे का, असा प्रश्न तरुण उपासक विचारतात. आहे, आणि ती मानाची आहे.

अंगुत्तर निकायात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत. चिंताकवी विचार करून रचतो. सुतकवी ऐकलेल्या गोष्टीवरून रचतो. अत्थकवी अर्थ समजावण्यासाठी रचतो. पटिभानकवी जागच्या जागी, उत्स्फूर्त रचतो. भिक्खू वंगीस हे या चौथ्या प्रकारचे. प्रतिभासंपन्न भिक्खूंमध्ये तथागतांनी त्यांना अग्रस्थान दिले आणि संयुत्त निकायात त्यांच्या नावाचा स्वतंत्र विभागच आहे.

खुद्दक निकायातील थेरगाथा आणि थेरीगाथा हे ग्रंथ तर गाथाकारांच्या नावांनीच ओळखले जातात. थेरीगाथेत भिक्खुणींच्या ७३ रचना आहेत. जवळपास प्रत्येक रचनेबरोबर ती कोणाची, हे नोंदलेले आहे. दासीची मुलगी असलेली पुण्णिका थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला विचारते, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जातील की! थेरगाथेत रस्त्यावरची वाळलेली फुले उचलणारे, लोकांच्या तिरस्काराचे धनी झालेले सुनीत थेर आपली कहाणी सांगतात. अडीच हजार वर्षांपूर्वी समाजाने खालचे ठरवलेल्या या माणसांचे शब्द संघाने तोंडपाठ करून जपले, आणि त्यांची नावेही जपली. ज्यांचे नाव कळले नाही त्यांच्याबद्दल 'कुणी एक थेरी' अशी नोंद केली, पण रचना दुसऱ्याच्या नावावर खपवली नाही.

याच परंपरेत एक सावधगिरीही आहे. लांबण लावून, गाण्याच्या सुरात धम्मपठण करण्याचे पाच दोष भिक्खूंना सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले दोन असे, की म्हणणारा स्वतःच्याच आवाजात रमतो आणि ऐकणारेही आवाजातच अडकतात. हा नियम भिक्खूंसाठी आहे. उपासकांच्या पंचशीलात गाण्याला मनाई नाही. पण चालीने शब्द गिळू नयेत, हा त्यातला बोध प्रत्येक गीतकाराने घ्यावा असाच आहे.

जलशापासून भीमगीतापर्यंत

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. या चळवळीने तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधकी जलसा घडवला. लोकांना ओळखीचा असलेला प्रकार घ्यायचा, त्यातला देवभोळेपणा आणि अश्लीलता काढायची आणि तेथे प्रबोधन भरायचे, अशी ती पद्धत होती.

२० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि २ मार्च १९३० पासूनचा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, या लढ्यांच्या काळात आंबेडकरी जलसा आकाराला आला. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक हे त्यातले अग्रणी. त्यांच्या जलशाने गावोगाव शिक्षण, स्वाभिमान, मृतमांस न खाणे, दारू सोडणे हे विषय गाण्यांतून आणि संवादांतून मांडले. जलशाच्या एका कार्यक्रमाचे मोल बाबासाहेब आपल्या अनेक भाषणांएवढे मानत, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. कर्डकांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले आणि ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. जलसाकाराने स्वतःच जलशाची नोंद ठेवली, म्हणून आज आपल्याला त्याविषयी खात्रीने बोलता येते.

विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी कविता आणि गीतांतून जागृती केली. मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभे केले आणि कामगारांच्या वस्त्यांत शाहिरी पोहोचवली.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गाण्यांचा विषय विस्तारला. बुद्धगीत आणि भीमगीत हे प्रकार रुजले. कव्वालीच्या मुकाबल्यांत रात्र रात्र सवाल-जवाब चालू लागले. नामांतराच्या लढ्यात, मोर्चांत आणि सभांत गाणे पुढे राहिले.

या सगळ्यात स्त्रियांचा वाटा विसरता येणार नाही. जात्यावर बसलेल्या बाईने बाबासाहेबांवर आणि रमाईवर रचलेल्या ओव्यांना ना छापखाना मिळाला ना मंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. या ओव्या नोंदवताना गाणारीचे नाव आणि गावही नोंदवले गेले. काम कसे करावे, याचा हा नमुना आहे.

लोककवी वामनदादा कर्डक

गीतकार असणे म्हणजे काय, हे एका माणसाच्या आयुष्यातून समजून घ्यायचे तर वामनदादांकडे पाहावे लागते. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. निधन १५ मे २००४. शाळेचे शिक्षण नाही. मुंबईत मिळेल ती मजुरी करताना मोठ्या वयात ते लिहायला-वाचायला शिकले. १९४३ मध्ये एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले. तेथून पुढे साठ वर्षे लेखणी थांबली नाही. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे त्यांचे संग्रह. रचनांची संख्या हजारोंत आहे.

वामनदादांच्या कामातून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, भाषा. बाबासाहेबांचा विचार त्यांनी घरातल्या, शेतातल्या आणि बाजारातल्या शब्दांत आणला. अवघड शब्द समजावण्यासाठी वेगळे भाषण लागले नाही. दुसरी, हजेरी. ते गावोगाव फिरले, वस्तीत मुक्कामाला राहिले आणि तेथल्या माणसांचे दुःख तेथेच ऐकले. तिसरी, प्रश्न विचारण्याचे धैर्य. बाबासाहेबांचा गौरव करताना आपल्याच समाजातील संधिसाधूपणा आणि फाटाफूट यांवरही त्यांनी कडक लिहिले.

आणखी एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने केली. गीताच्या शेवटी 'वामन' हे नाव गुंफले.

गाण्याची घडण आणि नाममुद्रा

भीमगीताची बांधणी साधारण अशी असते. सुरुवातीला ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ. त्यात गाण्याचा मुख्य विचार असतो आणि ते ऐकणाऱ्याला एकदा ऐकून म्हणता आले पाहिजे. नंतर तीन-चार अंतरे. प्रत्येक अंतऱ्यात एक प्रसंग, एक दाखला किंवा एक प्रश्न आणि शेवटी ध्रुपदाशी जुळणारे यमक. शेवटच्या अंतऱ्यात कवीचे नाव. यालाच नाममुद्रा म्हणतात.

नाममुद्रा आपल्याकडे जुनी आहे. संत चोखामेळा, संत सोयराबाई, संत तुकाराम यांच्या अभंगांत ती आहे. शाहिरांच्या कवनांत आहे, कव्वालीतही आहे. कागद नसलेल्या काळात रचना कोणाची हे सांगायचा तोच एक मार्ग होता. ज्यांना जमिनीचा सातबारा कधी मिळाला नाही, त्यांनी स्वतःच्या शब्दांचा सातबारा असा गाण्यातच लिहून ठेवला.

नाव कुठे हरवते

आज हेच नाव पहिल्यांदा कापले जाते. डीजेच्या मिश्रणात ध्रुपद आणि फार तर एक अंतरा वाजतो. मोबाईलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओत तेवढेही नसते. शेवटचा अंतरा येतच नाही, आणि त्यातले नावही येत नाही. गाणे जेवढे लोकप्रिय, तेवढा गीतकार अज्ञात, अशी ही उलटी गत आहे.

कॅसेटच्या काळातही गीतकाराला पुरेसा न्याय मिळाला नाही. कॅसेटच्या वेष्टणावर मोठा फोटो गायकाचा आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत. अनेकांनी ठोक रकमेवर गाणी दिली. पोट भरण्यासाठी देवादिकांची गाणीही लिहावी लागली. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातले गणपतीचे अतिशय प्रसिद्ध गाणे महाराष्ट्रातल्या मंडपांमंडपांत वाजते. त्याचे शब्द हरेंद्र जाधव यांचे आहेत, ज्यांनी असंख्य भीमगीते लिहिली. ज्या मंडपात ते वाजते तेथे किती जणांना हे ठाऊक असेल? आम्ही याकडे दोष म्हणून पाहत नाही. कलावंताला बाजारात कशी वाट काढावी लागली, याचा हा पुरावा आहे.

गीतकाराची जबाबदारी

लिहिणाऱ्यावरही जबाबदारी आहे. सुभाषित सुत्तात चांगल्या वाणीच्या चार कसोट्या दिल्या आहेत. ती नीट बोललेली असावी, धम्माला धरून असावी, प्रिय वाटणारी असावी आणि सत्य असावी. नव्या गीतकाराने आपले गाणे या चार कसोट्यांवर घासून पाहावे.

सत्याची कसोटी सर्वांत अवघड. बाबासाहेबांच्या जीवनातले प्रसंग लिहिताना तारीख, ठिकाण आणि घटना तपासावी. गाणे पाठ होते, म्हणून गाण्यातली चूकही पाठ होते. धम्माची कसोटीही तितकीच महत्त्वाची. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या गाण्यात बाबासाहेबांना देव करून नवस-साकडे घालणे बसत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात स्वतः बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. कृतज्ञता वेगळी आणि आंधळी भक्ती वेगळी. हा फरक गीतकाराने आपल्या शब्दांत सांभाळला पाहिजे.

शब्दांची किंमत सत्तेलाही कळते. २०१४ च्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटात एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा आरोप ठेवला जातो. ही कथा कल्पित असली, तरी तिच्यातली शाहिरी गीते संभाजी भगत यांची आहेत आणि शाहिराला वाटणारी धास्ती खरी आहे.

समाजाचीही गीतकाराप्रति जबाबदारी आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांमुळे त्यांचा आवाज आज ऐकता येतो. गीतकार सगळ्यांचे दुःख स्वतःत साठवतो. तो एकटा पडणार नाही, त्याच्याशी बोलणारी माणसे जवळ असतील, हे पाहणे चळवळीचे काम आहे.

गीतकाराचे हक्क

नव्या गीतकारांना या गोष्टी माहीत असाव्यात.

१. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार गीत लिहिले गेले त्या क्षणी हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वादाच्या वेळी ती उपयोगी पडते.

२. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे.

३. कलम ५७ नुसार लेखकाला आपले नाव लावून घेण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार आहे. गाणे विकले तरी हा अधिकार राहतो.

४. हक्क देताना लेखी करार हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.

५. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला रॉयल्टीचा हक्क अधिक पक्का केला. कंपनीने सही घेतली तरी तो वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कुणाला सोडून देता येत नाही. गीतकार आणि संगीतकारांसाठी 'आयपीआरएस' ही संस्था हे काम पाहते.

६. चित्रपटाच्या चालीवर शब्द रचले तर शब्द तुमचे, चाल मूळ मालकाची. असे गाणे यूट्यूबवर टाकल्यास मूळ कंपनीचा दावा येऊ शकतो. म्हणून शक्यतो स्वतःची किंवा लोकपरंपरेतील चाल वापरावी.

सारसोळे-नेरूळमध्ये काय करता येईल

सारसोळे हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि या गावाभोवती नेरूळ वसले. आगरी लग्नातला धवला येथल्या मातीतला. धवलारीण लग्नाचा प्रत्येक विधी गाण्यातून पुढे नेते, पण ती गाणी कोणी रचली हे कुणी विचारत नाही. नोकरी-धंद्यासाठी आलेल्या बौद्ध कुटुंबांनी आपापल्या मुलखातली गाणी येथे आणली. कोकणातून जाखडीचा ठेका, मराठवाड्यातून ओवी आणि एकतारी, विदर्भातून दंडार आणि कव्वाली. एकाच इमारतीत चार जिल्ह्यांची गाणी राहतात आणि बहुतेकदा एकमेकांना ओळखत नाहीत.

अशा ठिकाणी तरुणांना करण्यासारखे बरेच आहे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, तेव्हा ज्येष्ठ उपासक-उपासिका एकत्र भेटतात. वाचन संपल्यावर अर्धा तास गाण्यांसाठी ठेवावा. प्रत्येक गाण्याची नोंद करावी. गाणे कोणाचे, गाणारी व्यक्ती कोण, तिने ते कोणाकडून आणि कोणत्या गावात ऐकले, चाल कशावर आहे, सगळे अंतरे कोणते. मोबाईलवर आवाज मुद्रित करावा, पण आधी परवानगी घ्यावी. गीतकार माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहावे. अंदाजाने वामनदादांचे नाव लावू नये, त्याने दुसऱ्या कुणाचे नाव पुसले जाते.

अनेक घरांत जुन्या गीतकारांच्या वह्या ट्रंकेत पडून आहेत. शाई फिकी पडते आहे, कडा वाळवी खाते आहे. घर बदलताना किंवा माणूस गेल्यावर त्या रद्दीत जातात. अशी वही दिसली तर आधी पानापानाचे फोटो काढावेत आणि वही त्या कुटुंबाकडेच ठेवावी.

जयंती मंडळांना आमची विनंती साधी आहे. कार्यक्रमपत्रिकेत गायकाबरोबर गीतकाराचे नाव छापा. निवेदकाने गाण्याआधी ते मोठ्याने सांगावे. वर्गणीतून डीजेला जेवढे देतो, त्यातला काही भाग गीतलेखनाच्या स्पर्धेसाठी किंवा परिसरातील एखाद्या वृद्ध शाहिराच्या औषधपाण्यासाठी ठेवा. निदान एक गाणे तरी पूर्ण वाजवा, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत.

थेरींची नावे संघाने अडीच हजार वर्षे जपली, तीही कागदाशिवाय. आपल्याकडे कागद आहे, मोबाईल आहे, विहार आहे. आपल्या गीतकारांची नावे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणे आपल्याला नक्कीच जमेल.

नमो बुद्धाय, जय भीम!